गोचिडीचा दंश, दीर्घ दुखणे आणि उपचाराचा खर्च

(वार्षिक अधिवेशनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यविषयक भाषणासाठी मधुमेह किंवा हृदयविकार हा विषय घ्यावा, असे संयोजकांनी सुचविले होते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु ईशान्य अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांकडून गेल्या काही वर्षांत आम्हांस जे दूरध्वनी येतात, त्यांत एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ‘डॉक्टरसाहेब, लाइमवरचे इंजेक्शन चालू ठेवायचे आहे, विमा कंपनी पैसे देत नाही, मग पैसे आणायचे कोठून?’ वरवर पाहता हा पैशांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्याच्या पोटात तीन प्रश्न दडलेले आहेत. आजार नेमका कोणता आहे? सुचविलेला उपचार गुणकारी आहे काय? आणि गुणकारी असेल, तर त्याचा भार कोणी उचलावयाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने शोधावी लागतात. क्रम उलटा झाला की घर विकूनही माणूस बरा होत नाही. आज आम्ही याच क्रमाने बोलणार आहोत.

गोचीड आपल्याला नवी नाही. बैलाच्या मानेखाली आणि गाईच्या कासेजवळ चिकटलेल्या टपोऱ्या गोचिडी काढण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केले असेल. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरातील लोकांना गोचिडीपासून होणारा माकडतापही ठाऊक आहे. तो मात्र विषाणूमुळे होतो आणि लाइमशी त्याचा संबंध नाही. येथे लाइम पसरविणारी गोचीड निराळी आहे. तिला काळ्या पायांची गोचीड किंवा हरणाची गोचीड म्हणतात. कोवळ्या अवस्थेत ती खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावली तरी दुखत नाही. जंतू तिला मिळतो तो प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरिण केवळ प्रौढ गोचिडीचे पोषण करते. मे ते जुलै हे तिचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत आपली मुले गवतात खेळतात, आपण सहलीला जातो आणि भारतातून आलेले आईवडील परसबागेत मेथी-कोथिंबीर लावण्यात रमतात.

या रोगाचे नाव कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावावरून पडले. १९७५ च्या सुमारास त्या परिसरातील अनेक मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या एका मातेने घरोघरच्या अशा आजारांची नोंद ठेवली. सुरुवातीस तिचे म्हणणे डॉक्टरांनी फारसे मनावर घेतले नव्हते. पुढे येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी पद्धतशीर तपास हाती घेतला आणि १९८१ साली मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेत डॉ. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू सापडला. म्हणजे या रोगाचा शोध लागला, त्यात रुग्णाच्या घरातील व्यक्तीचे निरीक्षण आणि शास्त्रज्ञाची कसोटी या दोहोंचा वाटा होता. या दोहोंपैकी एकाला जरी वगळले, तरी पुढे अनर्थ होतो, हे आपण आता पाहणार आहोत.

२०१० ते २०१८ या काळातील नोंदींवरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने काढलेला अंदाज असा की, या देशात दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांचे लाइम म्हणून निदान आणि उपचार होतात. दंशानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेक रुग्णांच्या त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उमटतो. पुस्तकांत त्याचे चित्र बहुधा गोऱ्या कातडीवरचे असते. आपल्या सावळ्या वर्णावर तो लाल दिसेलच असे नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा नुसताच काळसर दिसतो. नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे असलीच पाहिजेत असेही नाही. गडद वर्णाच्या रुग्णांचे निदान उशिरा, सांधे सुजल्यानंतर होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे या देशातील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून चट्ट्याचा रंग पाहू नका, त्याची वाढ पाहा. त्याच्या कडेभोवती पेनाने रेघ ओढा आणि छायाचित्र काढा. दोन दिवसांत तो रेघ ओलांडून गेला, तर डॉक्टरांकडे जा. या अवस्थेत रक्ताची तपासणी पुष्कळदा निर्दोष येते, कारण प्रतिद्रव्ये तयार होण्यास काही आठवडे लागतात. चट्टा स्पष्ट असेल तर केवळ त्यावरून उपचार सुरू करणे योग्य असते.

आता खर्चाचा पहिला हिशेब. या टप्प्यावर डॉक्सिसायक्लिनची १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, १० दिवस. किंवा गरोदर स्त्रियांसाठी आणि इतर काही रुग्णांसाठी अमॉक्सिसिलिन १४ दिवस. एवढ्यावर बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. ही औषधे जुनी आहेत, अनेक कंपन्या ती बनवितात आणि विमा नसतानाही ती सहसा परवडतात. २०१३ साली डॉक्सिसायक्लिनचा तुटवडा पडून किंमत भडकली होती. तेव्हा दुकानादुकानांत किंमत विचारून घेण्याची सवय असावी. याहून स्वस्त उपायही आहे. गोचीड ३६ तासांहून अधिक काळ चिकटलेली होती आणि ती काढून ७२ तास झालेले नाहीत, तर लाइमच्या प्रदेशात प्रौढांना डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस प्रतिबंधक म्हणून देता येतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाहेरून आल्यावर अंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांखालची त्वचा तपासणे, कपडे यंत्रात कडक उष्णतेवर वाळविणे आणि टोकदार चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढणे. तिला तेल लावू नये, काडी लावून जाळू नये.

इतके सोपे असताना मग हजारो डॉलरांचा प्रश्न येतो कोठून? तो येतो निदान चुकल्यावर, आणि उपचारानंतरही दुखणे रेंगाळल्यावर.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांची हकीकत, ओळख पटेल असे तपशील वगळून, सांगतो. पाठीवर चट्टा आला. घरच्यांनी नायटा समजून मलम लावले. काही महिन्यांनी गुडघा सुजला. रक्ततपासणीत लाइम सिद्ध झाला आणि २८ दिवसांच्या गोळ्यांनी गुडघा उतरला. परंतु थकवा गेला नाही. झोप लागेना, आठवेना, बैठकीत शब्द सापडेनात. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, ‘तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, तुम्हांला काही झालेले नाही.’ या एका वाक्याने त्यांना दुसऱ्या दारी ढकलले. ते दार एका खासगी दवाखान्याचे होते आणि तेथे विमा घेतला जात नसे. तेथे त्यांचे म्हणणे तासभर ऐकून घेतले गेले, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. मग हाताच्या शिरेत कायमची नळी बसवून महिनोन्‌महिने प्रतिजैविके सुरू झाली, जोडीला महागडी पूरक द्रव्ये. प्रथम क्रेडिट कार्डे भरली. नंतर वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून नागपुरास घेतलेला प्लॉट विकला गेला. सहाव्या महिन्यात थंडी वाजून ताप आला आणि ते अतिदक्षता विभागात पोहोचले. रक्तात जंतू सापडला, पण तो लाइमचा नव्हता. नळीवाटे शिरलेला होता. ते वाचले. प्लॉट गेला, आणि थकवा होता तेथेच राहिला.

येथे दोन्ही बाजूंनी अन्याय झाला. एका डॉक्टरने दुखणे नाकारले आणि दुसऱ्याने त्या दुखण्याची किंमत वसूल केली. शास्त्र काय म्हणते? योग्य उपचारानंतरही शंभरांतील सुमारे ५ ते १० रुग्णांना थकवा, अंगदुखी आणि विस्मरण सहा महिन्यांहून अधिक काळ सतावते. या अवस्थेला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. हा मनाचा खेळ नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, उपचारानंतरही सांध्यातील द्रवात जिवाणूच्या भिंतीचे अवशेष सापडले. मेलेल्या शत्रूच्या सांगाड्याशी शरीर लढत राहते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. सांगाडा प्रतिजैविकाने मरत नाही, कारण तो आधीच मेलेला असतो.

दीर्घ प्रतिजैविकांची परीक्षाही झालेली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १२९ रुग्ण होते. काहींना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि पुढे ६० दिवस डॉक्सिसायक्लिन देण्यात आले. इतरांना औषध नसलेला द्रव आणि गोळ्या. दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात रुग्णांना बरे वाटले. २००३ सालच्या एका लहान चाचणीत थकव्यात काही सुधारणा दिसली, पण बुद्धीच्या कामात दिसली नाही आणि नळीचे धोके मोठे ठरले. २००८ साली १० आठवड्यांच्या इंजेक्शनांचा बुद्धीवरील लाभ दिसला तो पुढील तपासणीपर्यंत ओसरला. २०१६ साली नेदरलँड्समधील २८० रुग्णांच्या चाचणीतही १२ आठवड्यांच्या जादा गोळ्यांचा उपयोग झाला नाही. उलट २०१७ साली रोगनियंत्रण केंद्राने अशा उपचारांतून उद्भवलेल्या गंभीर जंतुसंसर्गांची आणि मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. याच आधारावर संसर्गरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन सोसायटीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे, संसर्गाचा वस्तुनिष्ठ पुरावा नसताना अधिक प्रतिजैविके देऊ नयेत, असे सांगतात. दीर्घ उपचारांचा पुरस्कार करणारी डॉक्टरांची दुसरी संघटनाही या देशात आहे आणि तिने २०१४ साली स्वतःची तत्त्वे प्रसिद्ध केली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून आमचे मत असे बनले आहे की, नळी लावून महिनोन्‌महिने दिलेल्या औषधाने लाभापेक्षा हानीच अधिक होते.

मग नळी लावून दिलेले प्रत्येक औषध व्यर्थ काय? मुळीच नाही. लाइम मेंदूच्या आवरणात, मज्जासंस्थेत किंवा हृदयात शिरला असेल, अथवा गोळ्यांनी सांधा उतरला नसेल, तर दोन ते चार आठवड्यांचे सेफ्ट्रिॲक्सोन हा मान्य उपचार आहे. तो रुग्णाला मिळालाच पाहिजे आणि विम्याने त्याचा खर्च दिलाच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, दीर्घ थकव्याला ‘जुना लाइम’ हे नाव घाईने चिकटविण्यात आणखी एक धोका आहे. त्या नावाखाली दुसरा, बरा होण्याजोगा आजार झाकला जातो. आपल्या लोकांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. सावळी त्वचा आणि उत्तरेकडील हिवाळा यांमुळे ड जीवनसत्त्व घटते. थायरॉईड, रक्तक्षय, मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, संधिवात आणि नैराश्य यांची तपासणी साधी असते आणि ती बहुधा विम्यात बसते. वर सांगितलेल्या गृहस्थांना पुढे झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्याचे आढळले. यंत्र लावून ते झोपू लागले, हळूहळू व्यायाम वाढविला, कामाचे तास घटवून घेतले. ते पूर्ण बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण ते आठवड्यातून चार दिवस कामावर जातात आणि मुलीचा गृहपाठ घेतात. रेंगाळलेल्या दुखण्यात पैसा येथे घालावा: झोपेवर, फिजिओथेरपीवर, समुपदेशनावर, घरकामाच्या मदतीवर आणि नोकरी टिकविण्यावर. हा खर्चही मोठाच असतो. तो कसा पेलावा, याविषयी आता सांगतो.

पहिली गोष्ट, विम्याच्या जाळ्यातील डॉक्टर निवडा. वर्षभरात आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जावे, याची मर्यादा पॉलिसीत असते; परंतु ती जाळ्यातील मान्य सेवांनाच लागू होते. जाळ्याबाहेरच्या दवाखान्यात मोजलेला डॉलर त्या मर्यादेत धरला जाईलच असे नाही. तेथे खर्चाला तळ नसतो.

दुसरी गोष्ट, विमा कंपनीचा नकार हा शेवटचा शब्द मानू नका. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने आपल्याला दाद मागण्याचा अधिकार दिला आहे. नकाराचे कारण आणि ज्या वैद्यकीय निकषावर तो दिला तो निकष लेखी मागा. नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडेच अपील करता येते. तेथेही नकार आला, तर चार महिन्यांत स्वतंत्र, बाहेरच्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. प्रकृतीला तातडीचा धोका असेल तर निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो. अपिलाला आपल्या डॉक्टरांचे पत्र जोडा आणि त्यात ‘थकवा आहे’ एवढेच नको. तपासण्या, तारखा, आधी झालेले उपचार आणि मार्गदर्शक तत्त्वांतील आधार हवा. प्रत्येक दूरध्वनीची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव एका वहीत लिहा. आपले लोक रुग्णाला शिस्तीने औषध देतात, पण कागद मात्र पिशवीत कोंबतात. या देशात कागद हेही औषधच आहे.

तिसरी गोष्ट कायद्यातील फरकाची. कनेक्टिकटने १९९९ मध्ये कायदा करून लाइमसाठी किमान ३० दिवस शिरेतील आणि ६० दिवस तोंडावाटे घ्यावयाच्या प्रतिजैविकांचा खर्च विमा कंपन्यांवर टाकला. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये दीर्घ प्रतिजैविकांसाठीही तसाच कायदा केला. या कायद्यांचा आधार घेऊन अनेक जण आशेने अर्ज करतात आणि निराश होतात. कारण मोठ्या कंपन्या पुष्कळदा कर्मचाऱ्यांच्या उपचाराचा पैसा स्वतः भरतात आणि विमा कंपनी केवळ व्यवहार पाहते. अशा योजनांना १९७४ चा केंद्रीय कायदा लागू होतो, राज्याचा विमा कायदा नाही. आपली योजना कोणत्या प्रकारची आहे, हे नोकरीच्या ठिकाणी प्रथम विचारा. आणि कायदा खर्च देतो म्हणून उपचार गुणकारी ठरतो, असेही समजू नका. कायदेमंडळाच्या मतदानाने औषधाचा गुण बदलत नाही.

चौथी गोष्ट, रुग्णालयाचे बिल. करमुक्त धर्मादाय रुग्णालयांना आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावेच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज स्वीकारावा लागतो. मध्यम पगाराच्या कुटुंबालाही तेथे सूट मिळू शकते. फक्त विचारावे लागते. तपशीलवार बिल मागा आणि हप्ते ठरवून घ्या. ते बिल क्रेडिट कार्डावर टाकू नका, कारण मग रुग्णालयाचे कर्ज बँकेचे कर्ज होते आणि सवलतीचा मार्ग बंद होतो. विमा नसलेल्यांना १ जानेवारी २०२२ पासून खर्चाचा लेखी अंदाज आधी मागता येतो आणि बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक झाले, तर १२० दिवसांत तक्रार करता येते. उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे अनेक गावांत आहेत. लाइमचा पहिला उपचार तेथे उत्तम होतो.

पाचवी गोष्ट, नोकरी. १९९३ च्या कायद्यानुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर आणि किमान १,२५० तास काम केलेल्या व्यक्तीस गंभीर आजारासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. ती तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली कामाच्या वेळेत आणि पद्धतीत वाजवी सवलत मागता येते. नोकरी गेलीच, तर तोच विमा सहसा १८ महिने चालू ठेवता येतो. हप्ता भारी असतो, पण निवड करण्यासाठी ६० दिवस मिळतात. ज्यांचा व्हिसा नोकरीवर अवलंबून आहे, त्यांनी रजा किंवा राजीनामा यांचा निर्णय वकिलाला विचारल्याविना घेऊ नये. आजार लपवून राबत राहणे आणि एके दिवशी कोसळणे, हा आपल्या घरांत नेहमी घडणारा प्रकार आहे. गावाकडे पैसे पाठवावयाचे असतात, धाकट्या भावाचे शिक्षण असते. म्हणून आजारपणाचा शब्द तोंडातून निघत नाही.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांविषयी दोन शब्द. ठरावीक रक्कम देणारा स्वस्त प्रवासी विमा एका रुग्णालय-भेटीतच अपुरा पडतो. सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी आणि तिच्यातील अटी विमान सुटण्यापूर्वी वाचाव्यात. ग्रीन कार्डावर आलेल्या ज्येष्ठांना, त्यांनी येथे पुरेशी वर्षे नोकरी केलेली नसेल तर, साधारणतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच मेडिकेअर विकत घेता येते. तोपर्यंत त्यांच्यासाठी मार्केटप्लेसमधील विम्याची चौकशी करावी. आणि आईवडील परत गेल्यावर त्यांना ताप, चट्टा किंवा गुडघ्याची सूज आली, तर ‘अमेरिकेत गोचिडींच्या प्रदेशात राहून आलो’ हे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगण्यास शिकवा. लाइम तेथे क्वचितच आढळतो. सांगितल्याविना तो कोणाच्या मनात येणार नाही. याच कारणाने ‘भारतात जाऊन स्वस्तात इंजेक्शने घेऊन येतो’ हा बेतही फसवा आहे. जे औषध येथे निरुपयोगी ठरले, ते तेथे स्वस्त मिळाले म्हणून उपयोगी होत नाही. मायेच्या माणसांत चार आठवडे विश्रांतीसाठी मात्र अवश्य जावे.

कोणत्याही महागड्या उपचाराच्या दारात उभे असताना चार प्रश्न विचारावेत. माझे निदान मान्यताप्राप्त तपासणीने झाले आहे काय? या उपचाराची तुलना औषधविरहित गटाशी झाली आहे काय? तो किती दिवसांनी थांबवायचा आणि गुण आला नाही हे कशावरून ठरवायचे? आणि विमा न घेण्याचे कारण काय? या प्रश्नांनी जो डॉक्टर रागावतो, त्याच्याकडे प्लॉट विकून जाऊ नये. २००६ साली बिस्मासीन नावाच्या, लाइमवर म्हणून टोचल्या जाणाऱ्या द्रव्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मृत्यूच्या घटनेनंतर इशारा द्यावा लागला होता. हताश माणसाच्या खिशावर डोळा ठेवणारे सर्व काळी असतात.

शेवटी संघटनेपुढे एक सूचना ठेवतो. आपल्यात परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, विमा कंपन्यांत काम करणारे आहेत, वकिली शिकलेली नवी पिढी आहे. प्रत्येक शाखेत अशा चार-पाच जणांची यादी असावी. कोणाचे नकारपत्र आले तर ते वाचून अपिलाचा मसुदा करणारा एक. बिल तपासणारा एक. रुग्णाला डॉक्टरकडे नेऊन-आणणारा आणि तेथे शेजारी बसून टिपण घेणारा एक. आठवड्यातून दोन डबे पोहोचविणारे घर एक. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. दीर्घ दुखण्यात माणूस पैशांनी खचतो, त्याआधी तो एकटेपणाने खचतो. आणि एकटा पडलेला माणूसच महागड्या आश्वासनाला लवकर बळी पडतो. त्याला ‘तुझे दुखणे खरे आहे’ असे सांगणारे आणि ‘हा उपचार खरा नाही’ असेही सांगणारे माणूस एकच असले पाहिजे. ही दोन्ही वाक्ये एका तोंडून ऐकली, तरच त्याचा त्यांवर विश्वास बसतो.

उद्या दुपारी आपण सर्व मुलांसह बागेत सहलीला जाणार आहोत. आनंदाने जा, गवतात खेळा. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलांच्या केसांतून आणि गुडघ्यांमागून एकदा हात फिरवा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.